परातीतले खेळ : दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरगुती स्पर्शखेळ आणि हस्तकाम

पोळ्यांसाठी कणीक मळली जात असताना दीड-दोन वर्षांचे मूल ओट्यापाशी येऊन हात वर करते, तेव्हा त्याला पोळी नको असते, कणीक हवी असते. तिची ऊब, तिचा चिकटपणा, बोट खुपसल्यावर पडणारी खळी यांत ते रमून जाते. या वयातील मुले पाहून, चाचपून, हुंगून, चाखून आणि आपटून शिकतात. ‘सेन्सरी प्ले’ या नावाने त्यासाठी महागडे संच विकले जात असले, तरी प्रस्तुत लेखातील बहुतेक सर्व खेळ स्वयंपाकघरातील एका परातीत आणि घरात असलेल्याच जिनसांवर होऊ शकतात. ज्यांनी असे काही यापूर्वी केलेले नाही, अशा आईवडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी हा लेख आहे.

आपल्याकडे ही कल्पना नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा महाग माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशा आसपासच्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. आजही बालवाडीत मातीकाम, ठसेकाम, चिकटकाम हे शब्द रोजच्या वापरात आहेत. दोन वर्षांच्या मुलासाठी घरी त्यांचेच अधिक सोपे रूप करायचे आहे.

परातच का?

मुलाच्या हाती धान्य किंवा पाणी देण्याची भीती वाटते ती पसाऱ्यामुळे, आणि पसाऱ्याला हद्द घालण्याचे काम परात करते. साधारण चार बोटे काठाची, मूल समोर मांडी घालून बसले असता दोन्ही कडांना सहज हात पोचेल एवढी परात घ्यावी. स्टीलची परात वाजते, आणि तो आवाजही खेळाचाच भाग ठरतो. मात्र खालच्या मजल्यावर दुपारची झोप चाललेली असेल, तर परातीखाली जाड टॉवेल घालावा. त्याखाली एक जुनी चादर पसरावी. खेळ संपल्यावर चादरीची चार टोके उचलून सांडलेले सर्व काही एका झटक्यात गोळा करता येते, आणि ज्याने एकदा फरशीच्या सांध्यांतून रवा वेचला आहे त्याला या चादरीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मुलाला बोलावण्यापूर्वीच सर्व सामग्री मांडून ठेवावी. ओला पंचा, कोरडे फडके, वाट्या, चमचे, जे काही लागणार आहे ते बसल्या जागी हाताशी असावे; कारण विसरलेली वस्तू आणायला मोठे माणूस उठले की मूलही उठते, आणि पिठाने भरलेले हात घेऊन घरभर फिरते. वेळ निवडताना झोप आणि पोट ही दोन्ही भरलेली असावीत. उपाशी मुलाला कणीक ही केवळ कच्ची पोळी वाटते. खेळ दहा मिनिटे चालला तरी चांगला चालला असे समजावे. तयारीला वीस मिनिटे लागून खेळ चार मिनिटांत आटोपणे, हे सुरुवातीला हमखास घडते. त्याने खट्टू न होता तीच सामग्री दोन दिवसांनी पुन्हा मांडावी.

आधी काय द्यायचे नाही ते ठरवावे

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची चाचणी करताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक लहान नळकांडे वापरतात आणि त्यात पूर्णपणे मावणारी वस्तू घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याची मानतात. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. म्हणजे त्या नाण्याहून थोडी मोठी वस्तूसुद्धा या धोक्याच्या यादीत बसते. हरभरे, वाटाणे, शेंगदाणे, चिंचोके, मणी, गोट्या आणि बटणे ही म्हणून या वयाला वर्ज्य समजावीत. कडधान्य नाकात किंवा कानात गेल्यास ओलाव्याने फुगते आणि काढणे अवघड होते. कच्चा राजमा पोटात जाणे तर वेगळ्याच कारणाने, म्हणजे त्यातील विषारी घटकामुळे, वाईट.

आपल्या परिसरातील काही वस्तू दिसायला अत्यंत आकर्षक आणि प्रत्यक्षात विषारी आहेत. लाल-काळी गुंज, बागेतील कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, धोतरा आणि एरंडाच्या बिया या मुलांच्या हाती कधीही देऊ नयेत. पूर्वी आम्ही बिट्टीच्या बियांनी खेळत असू, हे सांगणारे अनेक ज्येष्ठ भेटतात. तरीही देऊ नयेत. कापूर आणि डांबराच्या गोळ्या वासाच्या खेळात चुकूनही घेऊ नयेत, कारण कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत जेलचे मणी बाजारात सर्रास मिळतात. ते गिळल्यास आतड्यात फुगून अडथळा निर्माण करतात, म्हणून घरातही ठेवू नयेत. रांगोळी आणि गुलाल यांची बारीक भुकटी श्वासावाटे आत जाते. तिच्याऐवजी तांदळाची पिठी वापरावी.

यानंतरचा नियम एकच आहे. खेळ चालू असताना एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेले असावे आणि त्याच्या हाती मोबाइल नसावा.

पहिली पायरी : पाणी

नवख्या पालकांनी पाण्यापासून सुरुवात करावी, कारण त्याला तयारी लागत नाही आणि ते आपोआप वाळते. परातीत दोन बोटे पाणी घ्यावे. सोबत दोन फुलपात्रे, एक पळी, चहाची गाळणी आणि जमल्यास एक लहान नरसाळे द्यावे. आरंभी मूल फक्त हात आपटेल. नंतर एका फुलपात्रातून दुसऱ्यात ओतण्याचा प्रयत्न करील, निम्मे बाहेर सांडेल, आणि तेच वीस वेळा करील. गाळणीत पाणी राहत का नाही, याचा शोध त्याला स्वतः लावू द्यावा.

पुढच्या वेळी वाळलेल्या घोसाळ्याचा तुकडा द्यावा. कोरडा असताना खरखरीत लागणारा हा तुकडा पाण्यात मऊ होतो आणि पिळला की पाणी सोडतो. पिळण्यासाठी मुलाला अख्खा पंजा वापरावा लागतो, आणि पुढे पेन्सिल धरणाऱ्या बोटांची ताकद अशाच कामांतून तयार होते.

खेळ संपताच परात रिकामी करावी. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते, आणि आपल्या न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली हा त्या दृष्टीने परातीपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

दुसरी पायरी : कुरमुरे, पोहे, पिठी

पुण्याकडे ज्यांना चुरमुरे म्हणतात ते कुरमुरे या वयासाठी धान्यापेक्षा बरे, कारण तोंडात गेले तर ओलसर होऊन मऊ पडतात. त्यामुळे लक्ष कमी ठेवले तरी चालेल असे मात्र नाही. परातीत दोन ओंजळी कुरमुरे घालून त्यात लाकडी पळी, लाटणे आणि एखादा मोठा डबा ठेवावा. दाबले की होणारा कुरकुर आवाज मुलांना फार आवडतो. मग त्यातच वाटीभर पाणी घालावे आणि आवाज बंद होऊन लगदा होताना मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे.

तांदळाची पिठी परातीत पातळ पसरून बोटाने रेघा ओढायला लावणे, हा याच वर्गातला दुसरा खेळ. रेघ, गोल, ठिपका एवढेच पुरे. अक्षरे काढायला लावू नयेत. तांदूळ, मसूर, मूग असे कोरडे धान्य मूल वस्तू तोंडात घालायचे पूर्णपणे थांबल्यानंतरच, म्हणजे बहुधा तीन वर्षांच्या आसपास, द्यावे.

येथे घरातील ज्येष्ठांचा एक आक्षेप हमखास येतो: अन्नाशी खेळायचे नसते. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. ज्या घरात पानात टाकलेले शीतही उचलून खायला शिकवतात, तेथे वाटीभर पोहे पायदळी गेलेले पाहणे खरोखर जड जाते. त्यावर मार्ग आहेत. किडीमुळे किंवा वासामुळे खाण्यातून बाद झालेले जिन्नस मुलाला देणे योग्य नाही. मात्र डब्याच्या तळाचा चुरा, कणी, थोडे सादळलेले कुरमुरे चालतात. कोरडे कुरमुरे आणि पिठी चाळून ‘खेळाचा डबा’ असे लिहिलेल्या वेगळ्या डब्यात ठेवली, तर अनेक दिवस पुन्हा वापरता येतात, आणि शेवटी रंग न घातलेले जिन्नस चिमण्यांना घालता येतात. खेळानंतर पिठी गोळा करण्याचे काम मुलालाच दिले, तर आजीचाही विरोध बराच मवाळ होतो.

तिसरी पायरी : उकड आणि खेळाचे पीठ

हा सर्व खेळांचा राजा आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. जे मूल अजून प्रत्येक गोष्ट तोंडात घालते, त्याच्यासाठी मोदकाची उकड हे उत्तम खेळण्याचे पीठ आहे. एक वाटी पाण्याला उकळी आणून त्यात चमचाभर तेल घालावे, एक वाटी तांदळाची पिठी घालून ढवळावे, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे वाफ द्यावी आणि पूर्ण निवल्यावर तेलाचा हात लावून मळावे. ही उकड शिजलेली असल्यामुळे थोडीशी पोटात गेली तरी चिंता नसते. कच्ची कणीक किंवा मैदा मात्र खाऊ देऊ नये, कारण कच्च्या पिठात जंतू असू शकतात. उकड त्याच दिवशी वापरून टाकावी. दुसऱ्या दिवशी ती भेगाळते आणि लवकरच आंबते.

मुलाचे चाखणे थांबले की टिकाऊ पीठ करता येते. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि दोन लहान चमचे लिंबाचा रस कढईत एकत्र करून गुठळ्या मोडाव्यात आणि मंद आचेवर सतत ढवळावे. पहिली दोन मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. मग मिश्रण एकाएकी घट्ट होऊन कढईच्या कडा सोडू लागते आणि पळीभोवती गोळा होतो. लगेच खाली उतरवून, हाताला सोसेल इतके कोमट झाल्यावर पाच मिनिटे चांगले मळावे. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवल्यास ते दोन-तीन आठवडे टिकते. यात मीठ पुष्कळ असल्याने हे पीठ पोटात जाणे बाधक आहे. खाऱ्या चवीमुळे मुले सहसा दुसरा घास घेत नाहीत, पण एखादे घेणारेही असते, आणि अशा मुलाला उकडच द्यावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, मीठ हवेतील ओल ओढून पीठ चिकट करते. तेव्हा चिमूटभर मैदा लावून पुन्हा मळावे.

रंगांची गंमत स्वयंपाकघरातच आहे. हळद सर्वांत सोपी आणि पक्की. बिटाचा रस शिजवताना घातला तर तापून फिका व तपकिरी पडतो, म्हणून तो गॅस बंद केल्यावर थेंब थेंब मिसळावा. पालकाचा हिरवा रंग लिंबाच्या आंबटपणाने मेंदीसारखा मळकट होतो. हिरवेच हवे असेल तर लिंबू वगळावे किंवा खाण्याचा तयार रंग घ्यावा. थोड्या मोठ्या मुलासमोर हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून दाखवावा. पिवळे पाणी तांबूस होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळे होते. हळदीपासून कुंकू होण्यामागे हेच गुपित आहे, मात्र तेथे चुना वापरतात आणि चुना डोळ्याला भाजतो, म्हणून तो मुलांपासून दूर ठेवावा.

पीठ हाती दिल्यावर ‘आपण हत्ती करू’ असे म्हणू नये. दोन वर्षांचे मूल हत्ती करू शकत नाही. हत्ती मोठे माणूस करते आणि मूल तो चिरडते. त्याऐवजी एक लहान गोळा स्वतः घेऊन शेजारी बसून थापावा, वळावा, चिमटावा. मूल आपोआप अनुकरण करते. काही दिवसांनी लहान लाटणे, झाकणे, काटा, शंकरपाळ्याचे कातण द्यावे. पुरणयंत्र किंवा सोऱ्या मिळाल्यास त्यातून निघणारे शेव पाहून मुले थक्क होतात, फक्त दांडा मोठ्यांनी फिरवावा.

गणपतीच्या आधी शाडू माती सहज मिळते. रंग आणि इतर मिश्रण नसलेली माती घेऊन ती कणकेइतकी मऊ भिजवावी. तिचा थंडगार स्पर्श आणि वास पिठाला येत नाही, परंतु माती खाण्याची सवय असलेल्या मुलाला ती देऊ नये.

चौथी पायरी : बुळबुळीत आणि विचित्र

एक चमचा सब्जा एक वाटी पाण्यात पंधरा मिनिटे भिजवला की प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण तयार होते. तो परातीत ओतून हाताने फिरवणे मुलांना अतिशय आवडते. सब्जा नेहमी आधी भिजवूनच द्यावा, कोरडा कधीही नाही. साबुदाणा शिजवून पारदर्शक झाला की धुऊन गार करून असाच वापरता येतो.

कॉर्नफ्लोअरचा खेळ मोठ्यांनाही खिळवून ठेवतो. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण एक वाटी पाणी हळूहळू मिसळावे. मूठ आवळली की हे मिश्रण घट्ट होते, मूठ सैल केली की बोटांमधून ओघळते, कारण दाब पडताच त्यातील कण एकमेकांत अडकतात. खेळ झाल्यावर ते मोरीत ओतू नये, नळी तुंबते. परातीत वाळू द्यावे आणि खरवडून कचऱ्यात टाकावे.

एखादे मूल असा चिकट स्पर्श अजिबात सहन करत नाही. हात झटकते, रडते. त्याचा हात धरून मिश्रणात बुडवू नये. त्याला चमचा द्यावा, किंवा मिश्रण झिपच्या पिशवीत घालून, पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी लावून, बाहेरून दाबू द्यावे. आठ-पंधरा दिवसांनी एखादे बोट पुढे येते. स्पर्शाची ही नावड कपडे, आंघोळ, जेवण अशा सर्वच बाबतीत दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

पाचवी पायरी : ठसे आणि चिकटकाम

दही आणि खाण्याचा रंग यांचे मिश्रण हा चाखला तरी चालेल असा रंग आहे. तो ताटलीत पातळ पसरावा. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते, दोडक्याच्या चकतीला कंगोरे येतात, आणि पालकाच्या जुडीचा कापून उरलेला बुडखा तर हुबेहूब गुलाब उमटवतो. बटाट्याला नक्षी कोरत बसण्याची गरज नाही, पण धरायला सोपे जावे म्हणून त्यात काटा खोचून द्यावा. भाजी कापल्यावर कापडाने टिपून घ्यावी, नाहीतर तिच्या पाण्याने ठसा फिसकटतो. कागदासाठी मागची बाजू कोरी असलेली चित्रांची दिनदर्शिका उत्तम. ‘कालनिर्णय’ येथे उपयोगी पडत नाही, कारण त्याची मागची बाजू वाचण्यासाठी असते.

चिकटकामासाठी घरची खळ करावी. एक मोठा चमचा मैदा अर्धी वाटी पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून, मंद आचेवर पारदर्शक आणि दाट होईपर्यंत ढवळावा. ही खळ दोन दिवस फ्रिजमध्ये टिकते. मुलाला आधी कागद फाडू द्यावा. फाडणे हेच मोठे काम आहे, कारण त्यात दोन्ही हात विरुद्ध दिशांना ओढावे लागतात. त्यानंतर पुठ्ठ्यावर आपण खळ पसरावी आणि तुकडे, वाळलेली पाने, झेंडूच्या पाकळ्या मुलाने चिकटवाव्यात. दिवाळीत आकाशकंदिलाचा सांगाडा आणि झिरमिळ्या मोठ्यांनी कराव्यात आणि पतंगी कागदाचे तुकडे मुलाने लावावेत. ते वेडेवाकडे लागतील. मूल झोपल्यावर ते गुपचूप सरळ करण्याचा मोह टाळावा, सकाळी त्याच्या लक्षात येते.

आवराआवर

आवरणे हा खेळाचाच भाग धरावा. मुलाच्या हाती ओले फडके देऊन परात पुसायला सांगावे. त्याला हे काम खेळाइतकेच आवडते. वाळलेले पीठ ओल्या फडक्याने पुसू नये, ते पसरते. पूर्ण वाळू देऊन झाडून घ्यावे. बिटाचा डाग लगेच गार पाण्यात धुवावा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो तेव्हा कपडा बिघडला असे वाटते, पण तो सोड्याचाच खेळ आहे. कपडा धुऊन ओला असतानाच कडक उन्हात वाळत घालावा. उन्हाने हळद उडते, आणि दोन-तीन वेळा असे केल्यावर झबले बहुधा पुन्हा पांढरे होते.